भिलारला नव्या खोल्या बांधतोय, फरशीखालून ऊब देण्याची सोय करावी का?

स्ट्रॉबेरीवाला

मंडळी, पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याला भिलारच्या बाजूला आमचं जुनं घर आहे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं. त्याला लागून दोन खोल्या आणि एक बाथरूम नव्यानं काढलंय. स्लॅब पडला, गिलावा चालू आहे, फरशी अजून बाकी आहे. खोल्या आई-आप्पांसाठी. आप्पांची पंचाहत्तरी झाली, साखर आहे. आईचे गुडघे डिसेंबर लागला की कुरकुरतात. पहाटे पलंगावरून उतरून फरशीवर पाय ठेवणं तिला नको वाटतं.

पुण्याच्या एका पाव्हण्यानं डोक्यात भरवलंय की आत्ताच फरशीखाली गरम पाण्याचे पाइप नाहीतर विजेची वायर टाकून घे, परदेशात घरोघरी असतं. फरशी एकदा बसली की मग उकरणं आलं, म्हणून निर्णय पंधरा दिवसांत हवा. पाण्याचं करावं की विजेचं? बिल किती येईल? फरशी तडकते का? आमच्या गवंड्याला विचारलं तर म्हणाला, "करू की, त्यात काय अवघड." तिथंच मला धास्ती बसली.

कृष्णाकाठी

सांगलीतून वाचतोय. आमच्याकडं जानेवारीत पहाटे स्वेटर आणि दुपारी पंखा, त्यामुळं हा धागा आमच्यासाठी करमणूक आहे. चालू द्या.

ओळंबा

स्ट्रॉबेरीवाला, गवंडी "त्यात काय" म्हणाला की घरमालकानं घाबरावंच. मी साताऱ्यात बांधकामातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र झालीत. पायाला लागणारा गारठा वेगळा आणि खोली गार असणं वेगळं. खोलीत फरशी, लाकडी पाट आणि घोंगडं तिन्ही एकाच तापमानाला असतात, तरी पाय फरशीवरच गारठतो. कारण व्हिट्रिफाइड टाइल किंवा कोटा फरशी तळपायातली उष्णता भराभर ओढून घेते, लाकूड आणि लोकर सावकाश घेतात. सारवलेल्या भुईवर आपल्या आज्या अनवाणी वावरल्या, त्यामागं हेही एक कारण आहे. आईंचं दुखणं बहुतेक पहिल्या प्रकारचं आहे आणि त्याचा इलाज स्वस्त आहे.

आता खोलीचा हिशेब. १२ बाय १२ ची खोली, उंची १० फूट, दोन भिंती बाहेरच्या. बाहेर १० अंश आणि आत २० हवेत असं धरू. ९ इंची विटेची भिंत खिडक्या सोडून साधारण ३८० वॉट बाहेर टाकते. एकेरी काचेच्या खिडक्या ३ चौरस मीटर असतील तर १६५. फटींतून हवा तासाला एकदा बदलली तर १३० च्या आसपास. आणि उघडा स्लॅब एकटा ४०० वॉट खातो! एकूण १०७५ च्या घरात. म्हणजे तुमची निम्मी नाही तरी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ऊब डोक्यावरून जाते आणि तुम्ही पायाखालचा विचार करताय.

त्याच स्लॅबवर ५० मिलिमीटरचा एक्सपीएस बोर्ड (ऊब अडवणारा कडक फोम) टाकून वर वीट कोबा केला की ४०० चे ६०-७० होतात. वॉटरप्रूफिंग तसंही तुम्हाला करायचंच आहे, महाबळेश्वरच्या पावसात कुणाला चुकलंय? आधी तिथं पैसे घाला.

आणि फरशीला मर्यादा आहे. युरोपातलं मानक राहत्या जागेत फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ देत नाही, बाथरूमला ३३. फरशी २६ वर आणि खोली २० वर असेल तर एक चौरस मीटर फरशी साधारण ६५ वॉट देते. कपाट-पलंग वगळून १० चौरस मीटर मोकळी असेल तर ६५० वॉट मिळाले. गरज १०७५ ची. स्लॅब झाकला की गरज ७४० वर येते, मग फरशी २७ च्या आसपास ठेवून भागतं. छत उघडं ठेवून फरशी तापवणाऱ्याला बिल येतं आणि थंडी जात नाही.

रिकामटेकडा

एवढं गणित कशाला? आटपाडीच्या बाजारातनं दोन चांगली घोंगडी आणा, पलंगाच्या दोन्ही बाजूंना टाका. झालं. आपल्याकडं कडक थंडी दीड महिना. दीड महिन्यासाठी फरशी तापवणारा माणूस मी पाहिला नाही.

ओळंबा

रिकामटेकडा, पायापुरतं तुमचं बरोबर आहे आणि मी तेच म्हणतोय. फक्त पंचाहत्तरीच्या माणसाच्या पलंगाशी सुटं अंथरूण नको, पाय अडकून पडतात. टाकायचंच तर खालून रबरी जाळी लावा.

अपशिंगेकर

आमचं अपशिंगे, सगळं गावच फौजेत. मी बी काश्मिरात नोकरी काढली. तिथं हमाम बघितलाय, त्यो ह्याच जातीचा प्रकार. खोलीच्या फरशीला मोठ्ठाल्या दगडी लाद्या, खाली पोकळ. बाहेरच्या तोंडातनं लाकडं सारायची, जाळ खालनं फिरतो, लादी तापती. भितीत तांब्याचं भांडं बशिवलेलं, त्यात गरम पाणी आयतं. मशिदीला असतोय, जुन्या मोठ्या घरातबी असतोय. लादी एकदा तापली की लई येळ धरून ठेवती. माणसं वर बसून गप्पा हाणत्यात.

पर एक सांगतो स्ट्रॉबेरीवाले. आमाला बंकरात बुखारी, म्हंजे लोखंडी शेगडी, असायची आन् पैला हुकूम असायचा, हवा जायला वाट ठेवा. आपल्याकडं लोक थंडीला कोळशाची शेगडी खोलीत घेत्यात, दार लावून झोपत्यात आन् सकाळी उठत न्हाईत. फरशीचं करा नायतर नका करू, पर म्हाताऱ्यांच्या खोलीत शेगडी नको म्हंजे नको.

सोलमधला वाळवेकर

अपशिंगेकर आप्पा, हे मोलाचं सांगितलंत. मी वाळवा तालुक्यातला, सध्या कामानिमित्त कोरियात. इथं फरशी तापवण्याला ओन्दोल म्हणतात आणि ते शेकडो वर्षं जुनं आहे. पूर्वी चुलीचा धूर दगडी फरशीखालच्या बोळांतून फिरवून पलीकडच्या धुराड्यातून काढायचे. माणसं जमिनीवरच बसतात, जेवतात, गादी घालून झोपतात, आपल्यासारखीच. म्हणून त्यांना खालची ऊब सुचली असावी, असा माझा कयास.

पण १९६० आणि ७० च्या दशकांत लाकडाऐवजी भोकं पाडलेल्या कोळशाच्या वड्या जाळायला लागले आणि फरशीला बारीक तडे गेले की कार्बन मोनॉक्साइड थेट झोपायच्या खोलीत यायचा. त्यात खूप माणसं गेली. आता सगळीकडं बॉयलरचं गरम पाणी फरशीखालच्या प्लॅस्टिक पाइपांतून फिरतं. जाळ खोलीपासून लांब, खोलीत फक्त पाणी.

सवयीचं म्हणाल तर एकदा का ही फरशी अंगवळणी पडली की हीटरची गरम हवा नकोशी होते. डोकं तापत नाही, घसा कोरडा पडत नाही, आवाज नाही. पण इथं हिवाळ्यात उणे १० होतं हो! भिलारला एवढं कशाला, हा रिकामटेकडांचा मुद्दा मी सोडून देणार नाही.

वेण्णेवरची

महाबळेश्वरची असल्यामुळं बोलते. थंडीचे आकडे बघून फसू नका. वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याला दरवर्षी दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात, पर्यटक धावतात, पण ते गवतावरचं आणि गाडीच्या टपावरचं असतं. घरात १३-१४ च्या खाली क्वचित जातं.

आमचं खरं दुखणं जून ते सप्टेंबर. पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस, दिवसेंदिवस ढग घरात. फरशीला पाणी सुटतं, गाद्यांना वास, कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी, माचिस पेटत नाही. भिंतींना पावसाळ्यापूर्वी गवताच्या झडी बांधायची पद्धत काही उगाच नाही. तुम्ही फरशीत सोय करणार असाल तर ती थंडीपेक्षा पावसाळ्यात जास्त वापराल, हे माझं म्हणणं लिहून ठेवा. फरशी खोलीपेक्षा दोन-चार अंश गरम राहिली तरी तिला पाणी सुटत नाही आणि घसरायची भीती जाते. म्हाताऱ्या माणसांसाठी हाच मुद्दा मोठा आहे.

ओळंबा

वेण्णेवरची ताई, हा मुद्दा माझ्याकडून राहिलाच होता. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. २० अंशांची ओलीचिंब हवा २४ वर नेली तर १०० टक्क्यांवरून साधारण ७८ वर येते. बुरशीला एवढा फरक खूप होतो. पाणी हवेतून जात नाही मात्र, त्यासाठी डीह्युमिडिफायरच लागतो.

मिरजेची डॉक्टर

आप्पांना साखर आहे म्हणून लिहिते. किती वर्षांपासून आहे आणि तळपायाची संवेदना कशी आहे, हे आधी तपासून घ्या. बऱ्याच मधुमेहींना पाय भाजतोय हे कळतच नाही. थंडीत माझ्याकडं गरम पाण्याच्या पिशवीनं, हीटरसमोर पाय धरून बसल्यानं फोड आलेले लोक येतात आणि त्यातला एकही "दुखलं" म्हणत नाही.

त्या हिशेबानं २७-२८ अंशांची फरशी सुरक्षित आहे, शरीरापेक्षा थंडच आहे ती. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. तापलेल्या फरशीवर गादी घातली की ऊब खाली कोंडते आणि तिथलं तापमान चढत जातं. ४४ अंशांची वस्तूसुद्धा तासन्‌तास कातडीला लागून राहिली तर भाजतं. म्हणून वायर असलेल्या भागावर गादी, लोड, जाड सतरंजी नको. आणि ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या थर्मोस्टॅटला फरशीतला सेन्सर हवाच, फक्त भिंतीवरचा चालणार नाही.

कोयनाकाठ

कराडहून. आमच्या गल्लीत प्रत्येक गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र, पाणी ६० पर्यंत तापतं, निम्मं उरतं. तेच फरशीत फिरवलं तर? फुकटात काम.

ओळंबा

कोयनाकाठ, कल्पना वेडी नाही. २०० लिटर पाणी ६० वरून ३५ वर येईतो ५.८ युनिट उष्णता देतं. छत झाकलेल्या एका खोलीची रात्र त्यात जवळजवळ निघते. पण मग सकाळी अंघोळीला कोमट पाणी! म्हणजे फरशीसाठी दुसरी टाकी हवी. शिवाय ६० चं पाणी सरळ फरशीत सोडायचं नसतं, मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून ४० च्या आसपास आणायचं. अंघोळीचं पाणी आणि फरशीचं पाणी एक करायचं नाही, मधे कॉइल घालून फरशीचं चक्र बंद ठेवायचं. एक छोटा पंप आला, त्याला वीज आली. आणि वेण्णेवरच्या ताईंना जेव्हा गरज आहे तेव्हा पावसाळ्यात ऊन कुठलं?

पाण्याच्या पद्धतीबद्दल आणखी. १६ मिलिमीटरचा पेक्स (प्लॅस्टिकचा) पाइप, १५ ते २० सेंटिमीटर अंतरानं, एक वेटोळं १०० मीटरच्या आत आणि कोब्याच्या आत एकही जोड नको. जोड सगळे भिंतीतल्या मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळी वेटोळी जिथं एकत्र येतात त्या नळावर. पाइपात दाब भरून ठेवायचा आणि त्या दाबाखालीच कोबा ओतायचा, म्हणजे कुणाची पहार लागली तर काटा लगेच पडतो. खाली ५० मिलिमीटर एक्सपीएस, भिंतीच्या कडेनं फोमची पट्टी. हे खालचं इन्सुलेशन वाचवलं तर तुम्ही मुरुमाला शेक देत बसाल. वरचा ६५ मिलिमीटर कोबा धरून सगळी उंची पाच इंच चढते. सिमेंटचा कोबा किमान २१ दिवस मुरल्याशिवाय गरम पाणी सोडायचं नाही, तडे जातात ते या घाईनं.

आणि हा कोबा सुस्त असतो. १२ बाय १२ च्या खोलीत त्याचं वजन पावणेदोन टन. त्याला आठ अंश चढवायलाच साडेतीन युनिट उष्णता लागते. संध्याकाळी बटण दाबून रात्री जेवताना ऊब मिळेल असं नाही, ते सतत मंद चालू ठेवायचं प्रकरण आहे. पाचगणीत शनिवारी येऊन रविवारी जाणारे बंगलेवाले हे करतात आणि ऊब येते तेव्हा ते पसरणीचा घाट उतरत असतात.

हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत देणारं यंत्र) लावला तर एका युनिटात तीन-साडेतीन युनिट उष्णता मिळते, ते मोठ्या घराला परवडतं. दोन खोल्यांसाठी मी सुचवणार नाही.

टेस्टर

कोरेगाव. वायरिंग करतो. विजेचं करायचं तर ही तयार चटई मिळते, जाळीवर वायर शिवलेली, चौरस मीटरला १०० ते १५० वॉट. टाइलच्या लगेच खाली बसते म्हणून अर्ध्या-पाऊण तासात फरशी गरम लागते. उंची सेंटिमीटरभर वाढते फक्त.

हिशेब सरळ आहे. पूर्ण खोली, १० चौरस मीटर, १२० वॉटनं १२०० वॉट. रात्री तीन आणि पहाटे दोन तास चालवली तर जास्तीत जास्त ६ युनिट, महिन्याला १८०. थर्मोस्टॅट मधेमधे तोडतो म्हणून प्रत्यक्षात कमी. पण महावितरणचे टप्पे १००, ३००, ५०० असे आहेत. तुमचा नेहमीचा वापर दीडशे असेल तर हे १८० तुम्हाला ३०० च्या पलीकडे नेतात आणि तिथला दर अंगावर येतो. नुसतं पलंगाशेजारून बाथरूमपर्यंत ४ चौरस मीटर केलं तर ४८० वॉट. पाच तासांचे अडीच युनिट बी नाहीत. महिना सत्तर-पंच्याहत्तर.

सोडू नये अशा गोष्टी: वेगळं सर्किट, वेगळा एमसीबी, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारी) आणि अर्थिंग खरोखरचं. नुसती हिरवी वायर बोर्डात गुंडाळून ठेवलेली नको, डोंगरात खडकामुळं अर्थिंग लागत नाही, मोजून घ्या. चटईचा रोध तीनदा मोजायचा, उघडल्यावर, अंथरल्यावर आणि टाइल बसल्यावर. तिन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. वायर कापून लांबी कमी करायची नसते, जाळी कापायची आणि वायर वळवायची. आमचा एक कारागीर पकड घेऊन निघालाच होता.

कृष्णाकाठी

आता मी गंभीर होतो. सांगलीतल्या कुणी हे वाचून तळमजल्यावर विजेची फरशी करायच्या भानगडीत पडू नये. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, इशारा नव्हे, धोक्याचीच पातळी ४५ आहे. २००५, २०१९, २०२१, गावभागात तळमजला किती वेळा बुडला? फरशीत गाडलेली वायर पुरानंतर सुकवता येत नाही.

टेस्टर

लाख बोललात. पूररेषेत आम्ही साधे सॉकेटसुद्धा छातीच्या वर घेतो.

गलाईवाला

विट्याचा, पण दुकान अमृतसरला. इथं डिसेंबरात धुकं दिवसभर हटत नाही. पंजाबात कुणी फरशी उकरत नाही, तेलाचा रेडिएटर घेतात, चाकं असतात, या खोलीतून त्या खोलीत ढकला. दीड-दोन हजार वॉट खातो पण लागेल तेवढाच लावायचा. आई-आप्पा उद्या जुन्या घरात झोपायला गेले तर फरशी उचलून नेणार का?

स्ट्रॉबेरीवाला

सगळ्यांचे आभार, विशेषतः ओळंबा साहेब आणि डॉक्टर ताई. काल आप्पांच्या तळपायाची तपासणी करून आणली. डाव्या पायाला संवेदना कमी आहे. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यांनाही नाही.

तर असं ठरतंय. स्लॅबवर एक्सपीएस आणि वर कोबा, हे नक्की. खिडक्यांना रबरी पट्ट्या. पाण्याची पद्धत रद्द, पाच इंच चढवले तर जुन्या घराच्या उंबऱ्याशी पायरी होते आणि आई तिथंच अडखळणार. विजेची चटई पलंगाच्या आईच्या बाजूनं बाथरूमपर्यंत आणि बाथरूममध्ये. पलंगाखाली नाही. फरशी २७ ला बांधून ठेवायची. खोली गार वाटली तर गलाईवाल्यांचा रेडिएटर आहेच. रिकामटेकडा, घोंगडं आलंय, ते आप्पांच्या खांद्यावर आहे.

दोन शंका उरल्या. बाथरूममध्ये उतार द्यायचा असतो, चटई त्याच्या वर की खाली? आणि टाइल नेहमीसारखी सिमेंटच्या मालावर बसवली तर चालेल का?

ओळंबा

आधी उतार, मग वॉटरप्रूफिंग, त्यावर १० मिलिमीटरचा एक्सपीएस बोर्ड, मग चटई, मग टाइल. कमोड आणि गाळणीची जाळी यांच्याभोवती वीतभर जागा सोडा, उद्या प्लंबर ड्रिल घेऊन येणारच. सिमेंटच्या मालावर नको, माल जाड बसतो आणि पोकळ्या राहतात, पोकळीतली वायर जळते. टाइल चिकटवायचा तयार मसाला (अ‍ॅडेसिव्ह) वापरा. गवंड्यांना "केमिकल" म्हटलं की कळतं, पण साधं नको, पोत्यावर लवचिक लिहिलेलं बघून घ्या आणि दोन टाइल्समधे ३ मिलिमीटर सांधा ठेवायला लावा.

टेस्टर

आणि टाइल बसवायच्या आधी चटईचे फोटो काढा, शेजारी टेप धरून, भिंतीपासूनची मापं दिसतील असे. सेन्सर नळीत घाला, नळीचं तोंड बंद करा. सेन्सर बिघडतो, नळीत असला की ओढून नवा घालता येतो. केमिकल सुकायच्या आत बटण दाबून बघायचा मोह होईल गवंड्याला. फ्यूज खिशात घालून घरी या.

स्ट्रॉबेरीवाला

घालतो. मंगळवारी स्लॅबवरचे बोर्ड येतायत, वाऱ्यानं उडायच्या आत कोबा ओतायचाय.